गायी विण्याच्या दिवसांतले आठ शनिवार

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ख्राइस्टचर्चच्या खाली पूर्व किनाऱ्याला लागून जो सपाट मुलूख पसरला आहे, त्यात तीन रग्बी प्रांत एकापाठोपाठ एक येतात. राकाया नदी ओलांडली की मिड कँटरबरी लागतो, रंगिटाटा ओलांडली की साउथ कँटरबरी आणि वायटाकी ओलांडली की नॉर्थ ओटागो. पश्चिमेला बर्फाचे डोंगर, पूर्वेला समुद्र आणि मधे पसरट, दगडगोट्यांच्या पात्राच्या या नद्या, अशी ही रचना आहे. या तिघांपैकी एका प्रांताच्या संघाचा मी एक हंगाम साहाय्यक व्यवस्थापक होतो. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. दोन म्हशी आणि एक संकरित गाय असलेल्या घरातून, रोज सकाळी डेअरीला दूध घालूनच शाळेत जाणाऱ्यांपैकी एक. येथे मी ज्या फार्मवर काम करतो तेथे आठशेच्या आसपास गायी आहेत, आणि त्यांची धार ज्या गोल फिरत्या गोठ्यात काढली जाते त्याला सगळे नुसते ‘रोटरी’ म्हणतात.

रग्बी मला तेव्हा बेताचीच कळत होती. शाळेत असताना तालुक्यापर्यंत कबड्डी खेळलो होतो, त्यामुळे अंगावर धावून येणाऱ्या माणसाला कमरेखाली कसे धरावे एवढे ठाऊक होते. बाकी नियम मी स्थानिक क्लबचा गुणफलक सांभाळता सांभाळता शिकलो. संघाच्या प्रशिक्षकाने, जो स्वतः मेंढ्या पाळतो, मला बोलावले ते वेगळ्या कारणासाठी. आमच्या फार्मवरील माणसांच्या पाळ्यांचे रोस्टर मी लावतो हे त्याला माहीत होते. ज्याला ऑगस्ट महिन्यात डेअरी फार्मचे रोस्टर लावता येते त्याला तेवीस खेळाडू शनिवारी मैदानावर आणणे जड जाऊ नये, असे त्याचे सरळ म्हणणे होते.

गावी फोनवर ही बातमी सांगितली तेव्हा आबांनी पहिला प्रश्न विचारला, “किती देतात रं तुला?”

“काही नाही, आबा. खेळणाऱ्यांनाही काही मिळत नाही.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “मग शनिवारी गाईंचं कोण बघतंय?”

हंगाम संपेपर्यंत मी याच एका प्रश्नाचे उत्तर शोधत होतो, असे आता वाटते.

या स्पर्धेचे नाव हार्टलँड चॅम्पियनशिप. न्यूझीलंडमध्ये प्रांतांची राष्ट्रीय स्पर्धा १९७६ साली सुरू झाली आणि पुढे बरीच वर्षे मोठ्या शहरांचे व छोट्या ग्रामीण प्रांतांचे संघ एकाच स्पर्धेच्या वेगवेगळ्या गटांत खेळत राहिले. १९९५ मध्ये रग्बी युनियन हा खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला आणि दोघांमधली दरी वाढत गेली. अखेर २००६ मध्ये देशातल्या सव्वीस प्रांतांची वाटणी झाली. चौदा प्रांत व्यावसायिक स्पर्धेत गेले आणि उरलेल्या बारा प्रांतांसाठी हार्टलँड ही हौशी स्पर्धा निर्माण झाली. तिच्या दोन चषकांपैकी मोठ्याला कॉलिन मीड्स यांचे आणि धाकट्याला ब्रायन लोहोर यांचे नाव आहे. दोघेही ऑल ब्लॅक्स या न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाचे कर्णधार राहिलेले आणि दोघेही शेतकरी. मीड्स किंग कंट्रीचे, लोहोर वैरारापाचे. मीड्स दोन्ही काखांत एकेक मेंढी घेऊन डोंगर चढण्याचा सराव करीत, ही कथा येथे प्रत्येक जण सांगतो. तिचा कितपत भरवसा धरावा हे ऐकणाऱ्याने ठरवायचे.

शहरातल्या माणसाला या स्पर्धेचे वेळापत्रक निरुपद्रवी वाटेल. ऑगस्टच्या मध्यापासून साखळी सामने सुरू होतात, प्रत्येक संघ आठ सामने खेळतो, मग उपांत्य सामने आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात अंतिम सामने. पण या देशात गायी एका ठरावीक मोसमातच विण्याची पद्धत आहे, कारण विण्याचा काळ आणि वसंतातले गवत यांचा मेळ घालायचा असतो. म्हणजे जुलैच्या अखेरीपासून पुढचे दोन महिने रोज दहा-वीस, कधी त्याहून अधिक गायी वितात. रात्री पाऊस असो वा बर्फ, नवी वासरे गोळा करून आणायची, त्यांना वेळेत चीक पाजायचा, अडलेल्या गायीला हात घालून मोकळे करायचे. मेंढपाळांकडेही त्याच सुमारास कोकरांची धांदल उडालेली असते. वर्षातले जे आठ-दहा आठवडे शेतकऱ्याला डोके वर काढू देत नाहीत, नेमक्या त्याच आठवड्यांत शेतकऱ्यांची म्हणवली जाणारी ही स्पर्धा भरते. क्लबांचे सामने जुलैपर्यंत चालत असल्याने दुसरी सोय नाही हे मला समजते. तरीही ज्यांनी हे पहिल्यांदा ठरवले त्यांच्या घरी गाय नसावी, अशी माझी समजूत कायम आहे.

सामना शनिवारी दुपारी अडीचला सुरू होतो. दुपारची धार काढण्याची वेळही तीच. हे लक्षात आल्यावर मी निवडलेल्या खेळाडूंची यादी घेऊन बसलो आणि प्रत्येक नावापुढे तो कोणत्या जागी खेळतो ते न लिहिता तो कोठे काम करतो ते लिहिले. डेअरी फार्मवरचे नऊ होते. मीट वर्क्समध्ये, म्हणजे मांसाच्या कारखान्यात, पाळीत काम करणारे पाच, त्यांतले चौघे टोंगाहून आलेल्या कुटुंबांतले. एक सुतार, एक वीजतंत्री, एक शाळेतला शिक्षक, दोन ट्रकचालक, लोकर कातरणारे दोघे, आणि बाकीचे मेंढ्यांच्या किंवा धान्याच्या शेतावरचे. दुसऱ्या रकान्यात मालकाचा फोन नंबर लिहिला आणि तिसऱ्या रकान्यात शनिवारी त्याची पाळी कोण घेऊ शकेल त्याचे नाव. तिसरा रकाना भरता भरता माझ्या नाकी नऊ आले. प्रशिक्षक फलकावर डावपेच काढी तेव्हा मी मागे बसून एखाद्याच्या मेहुण्याला वासरांची बाटली धरता येते का याची चौकशी करीत असे. एका मालकाने तर सहा आठवड्यांसाठी गायींची धार दिवसातून एकदाच, फक्त सकाळी काढायचे ठरवले; इतरही कारणे असतील, पण त्याचा एक माणूस आमच्या संघात हुकर, म्हणजे पुढच्या फळीतला मधला खेळाडू, होता आणि दुसरा राखीव फ्लँकर, हे एक कारण होतेच.

हौशी म्हणजे नेमके काय, हे मला आबांना तीनदा समजवावे लागले. सामन्याचे मानधन नाही. प्रवास, मुक्काम आणि जेवण प्रांताच्या संघटनेकडून होते, कपडे मिळतात, पण शनिवारची मजुरी बुडाली तर ती बुडालीच. खेळाडू त्या प्रांतातल्या क्लबात खेळणारा असावा लागतो. बाहेरून उसने खेळाडू आणता येतात, मात्र त्यांच्या संख्येला मर्यादा आहे. हे उसने घेणे हा सर्व बारा प्रांतांत बाराही महिने चघळला जाणारा विषय आहे. समोरच्या संघाने आणले की ते भाडोत्री, आणि आपण आणले की तो गावाशी नाते जोडू पाहणारा होतकरू मुलगा, असा साधारण न्याय आहे.

सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असे. मैदानावर दिवे होते, पण एक खांब बंद पडलेला असल्याने लाइनआउटचा, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू आत फेकला की तो उडी मारून पकडण्याचा, सराव उजेडाच्या बाजूला आणि स्क्रमचा अंधाराच्या बाजूला चाले; स्क्रमला बघायचे काय असते, असे प्रशिक्षक म्हणे. स्क्रम मी प्रथमच जवळून पाहिला तेव्हा मला गावच्या यात्रेतला कुस्तीचा फड आठवला. पुढच्या फळीत दोन्ही कडांना असणाऱ्या प्रॉप खेळाडूंचे कान पैलवानांसारखेच चुरगळलेले होते. आठ विरुद्ध आठ वाकून भिडतात तेव्हा आधी श्वास सोडल्याचा एक सामुदायिक आवाज होतो, मग बुटांचे खिळे मातीत रुततात आणि काही क्षण काहीच हलत नाही. दोन्हींकडून सातशे-आठशे किलो वजन एका रेषेवर टेकलेले असते. त्यानंतर कोणाचे तरी एक पाऊल इंचभर सरकते आणि सगळा डोलारा त्या बाजूला कलतो. डाव्या बाजूचा आमचा प्रॉप त्या दिवशी पहाटे साडेतीनला उठलेला होता. बाहेर पडल्यावर त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून मला विचारले की गुरुवारी त्याच्या जागी चीक पाजायला कोण येणार आहे.

स्क्रमच्या या पुढच्या फळीच्या बाबतीत एक नियम आहे, त्याने माझी झोप उडवली. तेवीस खेळाडूंचा संघ असेल तर त्यांत पुढच्या फळीत खेळण्याचे शिक्षण घेतलेले किमान सहा जण लागतात, कारण अनुभव नसलेला माणूस तेथे उभा केला तर मानेला इजा होऊ शकते. सहा नसतील तर नावे भरून भागत नाही. पंच सामन्यापूर्वी यादी हातात घेऊन व्यवस्थापकालाच विचारतात. तिसऱ्या सामन्याच्या शुक्रवारी रात्री नऊ वाजता आमच्या एका राखीव प्रॉपचा फोन आला की फार्मवरचा दुसरा माणूस तापाने पडला आहे आणि तो येऊ शकत नाही. मी अकरा वाजेपर्यंत फोन करीत होतो. शेवटी मालकाशीच बोललो, आणि शनिवारी दुपारची धार काढायला मी स्वतः जाईन असे सांगितले. त्यामुळे माझ्या संघाने त्या हंगामातला पहिला विजय मिळवला तेव्हा मी दुसऱ्याच्या गोठ्यात, अनोळखी गायींच्या शेपट्या चुकवत, रेडिओवर समालोचन ऐकत होतो. प्रॉप शेवटची बारा मिनिटे खेळला. त्या बारा मिनिटांत स्क्रम दोनच झाले, पण दोन्ही आम्ही जिंकले.

जर्सींची जबाबदारी माझ्याकडे होती. एक ते तेवीस क्रमांकांचा संच सामन्यानंतर मोजून घ्यायचा, चिखल सुटेपर्यंत गार पाण्यात भिजवायचा, मग धुवायचा. घरच्या यंत्रात तो चिखल धुतला तर पाण्याची नळी तुंबते, हे आमच्या घरात एकदाच घडले आणि पत्नीने दुसऱ्यांदा घडू दिले नाही. चौथ्या सामन्यानंतर तीन क्रमांकाची जर्सी कमी भरली. ती घालणाऱ्या खेळाडूला विचारले तर तो आधी गप्प बसला. मग कळले की सामन्याहून परतताना गारांचा पाऊस सुरू झाला होता, कुंपणाजवळ नुकतीच विलेली एक कालवड आपल्या वासराकडे पाहायला तयार नव्हती आणि वासरू थरथरत होते. त्याच्या हाताशी पिशवीत जे पहिले लागले ते त्याने वासराला गुंडाळले. सोमवारी मी जर्सी आणायला गेलो तेव्हा ते वासरू ती घालूनच गोठ्यात उभे होते. पुढचे दोन पाय बाह्यांतून बाहेर काढलेले होते आणि पाठीवर ३ हा आकडा होता. जर्सीचा वास दोन धुण्यांनंतरही गेला नाही. पाचव्या सामन्यात समोरच्या प्रॉपने स्क्रममध्ये त्याबद्दल काहीतरी टिप्पणी केली असे ऐकतो.

लांबचे प्रवास दोन झाले. रुआटोरियाला जायचे म्हणजे उत्तर बेटाच्या पूर्व टोकाकडे: विमानाने गिझबर्न आणि तेथून बसने किनाऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्याने सव्वाशेहून अधिक किलोमीटर. त्या प्रांताच्या नावातच न्गाती पोरोऊ या माओरी जमातीचे नाव आहे आणि मैदानाभोवती कानावर माओरी भाषा पडत राहते. २०१२ साली मीड्स चषक जिंकलेला हा प्रांत लोकसंख्येने अगदी छोटा आहे. सामन्यानंतर त्यांनी आम्हांला जसे जेवू घातले, तसे मी गावच्या लग्नांनंतर कोठे पाहिले नव्हते; वाढणाऱ्या मावशीने माझे ताट रिकामे आहे या समजुतीने ते दोनदा भरले.

दुसरा प्रवास ग्रेमाउथचा. आर्थर्स पासच्या घाटातून डोंगर ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर उतरायचे. पूर्वेकडे कोरडे ऊन होते, घाटमाथ्यावर ढग उतरले आणि ओटिराच्या पुलावरून बस खाली निघाली तेव्हा काचेवर पाण्याचा पडदाच होता. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस पाहिलेल्या माणसाला पावसाचे अप्रूप नसते, पण तेथे तो थंड असतो एवढा फरक. त्या मैदानावर चेंडू हातात टिकत नव्हता. आमच्या संघाची सगळी भिस्त चेंडू मोकळ्या जागेत रुंदवर नेण्यावर होती. यजमानांनी तो पुढच्या आठ जणांच्या पोटाशी धरून चिखलातून ढकलत नेला आणि जिंकले. सहा गुणांनी हरलो, म्हणून तालिकेत एक गुण मिळाला. येथे विजयाला चार गुण, बरोबरीला दोन, चार किंवा अधिक ट्राय केल्यास, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवल्यास, एक जादा आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरल्यास एक जादा, असा हिशोब आहे. हा एक गुण पुढे कामी आला, पण त्या रात्री बसमध्ये त्याचे कोणाला सांत्वन नव्हते. पहाटे दोनला आम्ही पोहोचलो. डेअरीवरचे चौघे घरी न जाता थेट गोठ्याकडे वळले.

दुखापतींचे गणित मला त्या हंगामात नीट समजले. सहाव्या सामन्यात आमच्या ओपनसाइड फ्लँकरचे डोके समोरच्याच्या गुडघ्यावर आदळले. तो उठला, दोन पावले चालला आणि चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. पंचांनी त्याला निळे कार्ड दाखवले. येथल्या हौशी रग्बीत मेंदूला धक्का बसल्याची शंका आली की हे कार्ड दाखवतात. मग तो खेळाडू त्या दिवशी परत येत नाही, किमान तीन आठवडे विश्रांती घेतो आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सामना खेळत नाही. तीन आठवडे म्हणजे त्याचा साखळी हंगाम संपलाच. त्याला मैदानाबाहेर बसवून ठेवणे हे काम माझ्याकडे होते, आणि तो मला पाच मिनिटांत चार वेळा गुणसंख्या विचारीत होता. मी चारही वेळा पहिल्यांदाच सांगतो आहे असे सांगितले.

दुसऱ्या एकाचे गळ्याजवळचे हाड मोडले. न्यूझीलंडमध्ये अपघाताची भरपाई देणारी सरकारी व्यवस्था आहे. चूक कोणाची हे ती विचारत नाही आणि मैदानावरची इजाही तिच्यात बसते. उपचार होतात, आणि पहिला आठवडा सोडून पुढे बुडालेल्या मजुरीच्या ८० टक्के रक्कम मिळते. हौशी रग्बी या देशात टिकून आहे याचे मोठे श्रेय मी या व्यवस्थेला देईन. आमच्याकडे मोडलेल्या हातासाठी शेत गहाण पडलेले मी पाहिले आहे. मात्र भरपाईने घर चालते, गायी वितात त्या वितातच. त्या मुलाच्या मालकाने मला फोन करून आवाज न चढवता सांगितले की त्याच्याकडे अजून ११० गायी विण्याच्या बाकी आहेत आणि माणसे आता दोनच आहेत. मी उत्तर देऊ शकलो नाही. पुढचे दोन रविवार आमच्या संघातले तिघे, त्यांत एक सुतार आणि एक शिक्षक, त्याच्या फार्मवर वासरे गोळा करायला गेले. शिक्षकाला चीक आणि साधे दूध यांतला फरक ओळखता येत नव्हता, पण तो बादल्या उचलू शकत होता.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे सरकतात. माणसांच्या दृष्टीने संध्याकाळचा उजेड वाढला, सराव दिव्यांविना होऊ लागला आणि त्या बंद खांबाचा प्रश्न आपोआप मिटला. गायींना घड्याळ कळत नाही. त्या आठवड्यात निम्मा संघ सरावाला पाऊण तास उशिरा आला आणि प्रशिक्षकाने, जन्मभर मेंढ्यांत राहिलेल्या माणसाने, गायींना उद्देशून जे उद्गार काढले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत.

आठ सामन्यांत तीन जिंकून आम्ही सातवे आलो. ग्रेमाउथचा तो एक गुण नसता तर नववे असतो. पहिले चार मीड्स चषकासाठी, पुढचे चार लोहोर चषकासाठी खेळतात आणि उरलेल्या चौघांचा हंगाम तेथेच संपतो. सातव्याने सहाव्याच्या गावी जाऊन उपांत्य सामना खेळायचा असतो. तो आम्ही हरलो. कोरडा, उष्ण वायव्य वारा डोंगरावरून सुटला होता आणि दुसऱ्या अर्धात आमच्या किकरने मारलेला प्रत्येक चेंडू हवेत थांबून मागे येत होता. सामन्यानंतर दोन्ही कर्णधार बोलले, समोरच्या संघाने आमच्यातला उत्तम खेळाडू म्हणून तीन क्रमांकाच्या प्रॉपची निवड केली, सॉसेज रोल आणि सँडविचेस संपली, आणि साडेसहाला बस निघाली, कारण पहाटे चारची पाळी होती. मी बसमध्ये तेवीस जर्सी मोजल्या. तेवीस भरल्या.

येथे १ जून हा डेअरी फार्मच्या वर्षाचा पहिला दिवस धरतात. करार त्या दिवशी बदलतात आणि माणसे बायकामुले, कुत्री आणि कधी कधी गायींसकट एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर जातात. आमचा लॉक, जो लाइनआउटमध्ये हमखास चेंडू पकडून देई, त्या वर्षी नदीपलीकडच्या फार्मवर गेला. पूल ओलांडला की प्रांत बदलतो, क्लब बदलतो, आणि या तीन शेजारी प्रांतांमधल्या हॅनन शील्डच्या सामन्यात तो आमच्या विरुद्ध उभा राहणार हे उघड होते. सामान लावून झाल्यावर त्याने मला फोन केला. तिकडच्या क्लबात नाव घातले आहे, असे म्हणाला. त्यांच्या व्यवस्थापकाने त्याची उंची विचारली नव्हती, वजन विचारले नव्हते. तुझी शनिवार दुपारची धार कोण काढणार, एवढेच विचारले होते.